जेर-जबर नसलेलं पत्र

अम्मा गेली त्याला आता पाच महिने होतील. भेटायला येणारी माणसं तिच्याबद्दल बोलतात ते सगळं खरं असतं, आणि तरीही ती ज्या बाईबद्दल बोलतात तिला मी फारशी ओळखत नाही. सोशिक, कष्टाळू, अबोल. अम्मा अबोल नव्हती. तिला बोलायला माणूस नव्हतं, एवढंच.

मी सांगते आहे ते सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या हिवाळ्यातलं. कुवेत शहरात मिरगाब भागात आम्ही एका जुन्या मातीच्या घरात राहत होतो. दोन खोल्या, एक स्वयंपाकाची जागा, मध्ये अंगण. अब्बा, म्हणजे माझे वडील बदरुद्दीन, अहमदीला तेल कंपनीच्या गोदामात कारकून होते. त्यांच्या हुद्द्याच्या माणसाला कुटुंबासाठी घर मिळत नसे. ते तिथल्या बराकीत राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी यायचे. शुक्रवारी संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर परत. मधले सहा दिवस घरात अम्मा, सात वर्षांची मी आणि आठ महिन्यांचा अशरफ.

आमच्या खाडीकाठच्या गावातले पुरुष दोन पिढ्या बाहेर राहत आले होते, बोटीवर नाहीतर आखातात. बायका गावी राहायच्या. तीन-चार वर्षांनी माणूस यायचा, दोन महिने राहायचा, जायचा. नवऱ्याबरोबर बोटीत बसणारी गावातली पहिली बाई अम्मा. दादीला, म्हणजे तिच्या सासूला, ते अजिबात मान्य नव्हतं. निघताना दादी रडली नाही. एवढंच म्हणाली, की बाईमाणसाचं मन तिथे लागत नसतं, दोन हिवाळे काढून दाखव आणि मग मला पत्र लिही. परत जाणं म्हणजे काय, हे अम्माला पक्कं ठाऊक होतं. परत गेलेली बाई पुन्हा बोटीत बसत नाही.

पहिला हिवाळा निभावला. पुढच्या खोलीत मुमताजखाला होत्या, राजापूरकडच्या. दोघी मिळून स्वयंपाक करायच्या, भांडायच्या, एकमेकींचे केस विंचरायच्या. उन्हाळ्यात त्या बाळंतपणाला गावी गेल्या आणि परतल्या नाहीत. त्यांची खोली रिकामी राहिली. दुसरा हिवाळा आला तेव्हा आम्ही तिघंच होतो.

कोकणातल्या माणसाला थंडी माहीत नसते. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे एक चादर जास्त. इथे वाळवंटातून वारा यायचा तो दाराच्या फटीतून थेट हाडांत शिरायचा. मग दोन-दोन दिवस पाऊस. मातीचं छत ओलं व्हायचं, भिंतींना वास यायचा, अंगणात घोट्याएवढं पाणी साचायचं. अशरफची दुपटी वाळत नसत. अम्मा ती कोळशाच्या शेगडीवर धरून एकेक सुकवायची. साडेचारला अंधारून यायचं. गल्लीही रिकामी होत चालली होती. सरकार जुनी घरं विकत घेत होतं आणि लोक शहराबाहेर नव्या सिमेंटच्या घरांत जात होते. गावकोटाची भिंतच त्या वर्षी पाडली होती. रोज कुठलं ना कुठलं दार कायमचं बंद झालेलं दिसायचं.

मी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या इराणी बेकरीतून रोट्या आणायला जायचे. बेकरीवाल्याची मुलगी नूरी माझ्याएवढीच होती. तिच्याशी आणि गल्लीतल्या उरल्यासुरल्या मुलींशी खेळून दीड वर्षात मला अरबी येऊ लागली होती. ती मी शिकले नाही. नाक वाहू लागावं तशी ती आली. अम्माला मात्र एक शब्द येत नव्हता. ती बाहेर पडायची नाही. पडून कुठे जाणार?

तिचं काय होत होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, फक्त दिसत होतं. ती रांधायची आणि जेवायची नाही. दिवसचे दिवस वेणी घालायची नाही. शेगडी पेटवली की भिंतीकडे तोंड करून बसायची. मग तिनं एक खेळ सुरू केला. अशरफला मांडीवर घेऊन ती गावातल्या बायकांच्या आवाजात बोलायची, दोन्हीकडून. दादीच्या आवाजात स्वतःलाच टोमणा मारायची, "काय गो, फिटली हौस? साहेबीन व्हायला गेली ना?" आणि स्वतःच्या आवाजात उत्तर द्यायची, की तुमच्या घरी धूर खात होते, इथे थंडी खाते, फरक काय. पहिल्यांदा मी हसले. ती हसली नाही. पुढे पुढे दादी जास्त बोलू लागली आणि अम्मा कमी.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी अब्बा आले तेव्हा भात करपला होता, अशरफ ओल्या दुपट्यात रडत होता, आणि अम्मा शेजारीच बसलेली होती. तिला वास आला नव्हता, रडणंही ऐकू आलं नव्हतं. अब्बांनी आवाज चढवला नाही. त्यांनी अशरफला कोरडं केलं, भांडं घासलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, रमजानच्या आधी मार्चमध्ये बोट आहे, तिकिटं काढतो, तुम्ही गावी जा. मी दोन वर्षांनी येईन. अम्मानं हिवाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. अब्बा म्हणाले, फेब्रुवारी अखेरपर्यंत थांबतो, त्यानंतर जागा मिळणार नाही.

आता वर्तमानपत्रांचं सांगायला हवं. दुकानातून डाळ, मीठ, मासळी, जे येई ते अरबी वर्तमानपत्रात बांधून येई. आमच्या मुलखातल्या साध्या मुसलमान घरात अरबी अक्षर म्हणजे एकच गोष्ट, कुराणाचे पारे. लहानपणी मोहल्ल्यातल्या मौलवींकडे बसून सगळ्या मुली पारे पढतात. अक्षरं लख्ख ओळखता येतात, सूर लावता येतो, अर्थ मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. तेव्हा अम्माला हे कागद जमिनीवर ठेवता येईनात, चुलीत घालता येईनात. अल्लाचं नाव कुठेतरी असणारच त्यात, ती म्हणायची. मासळीचे कागदसुद्धा ती पुसून, वाळवून, घडी करून भिंतीतल्या कोनाड्यात रचून ठेवायची. दुपारी कधी करमेनासं झालं की वुजू करायची, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-पाय-तोंड धुवायची, डोक्यावर पदर घ्यायची, आणि त्यातला एखादा कागद पाऱ्याच्या सुरात वाचायची. मोठी झाल्यावर तसली जुनी पानं मी एका वाचनालयात पाहिली. सिमेंटच्या, मोटारीच्या टायरांच्या, शीतपेट्यांच्या जाहिराती.

आमच्या आणि शेजारच्या घराच्या मधल्या भिंतीत एक ठेंगणं दार होतं. जुन्या घरांत असं असायचं, बायकांना रस्त्यावर न येता एकमेकींकडे जाता यावं म्हणून. भाडेकरू परके, म्हणून आमचं दार पलीकडून कडी लावून बंद होतं. पलीकडे उम्म मिशारी राहायची, मिशारीची आई. साठीची विधवा. नवरा गलबतावर मलबारपर्यंत जायचा. मुलगा, एकुलता, सरकारी खर्चाने कैरोला शिकत होता. तिची बहीण केव्हाच नव्या वस्तीत गेली होती. ही घर सोडायला तयार नव्हती.

जानेवारीच्या सुरुवातीला पावसानं मधल्या भिंतीचा एक तुकडा पडला. नुकसान बघायला उम्म मिशारीनं ते दार उघडलं आणि वाकून आमच्या अंगणात आली. खोलीत अम्मा डोक्यावर पदर घेऊन मोठ्यानं वाचत होती. तिच्यामागे कोनाड्यात छतापर्यंत वर्तमानपत्रं. म्हातारी दारात उभी राहून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर ती पुन्हा आली, आणि तिनं अबायाच्या आतून एक पाकीट काढून अम्माच्या हातात दिलं.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिची पत्रं वाचून दाखवणारी शेजारची मुलगी घरच्यांबरोबर नव्या वस्तीत गेली होती, आणि दोन महिन्यांची तीन पत्रं तशीच पडून होती.

मी अम्माला हे सांगितलं. अम्मा घाबरली. मग उठून वुजू करून आली.

पत्र वाचणं पारा वाचण्यासारखं नव्हतं. हस्ताक्षर धावतं. आणि पाऱ्यात प्रत्येक अक्षरावर जेर, जबर, पेश अशा स्वरांच्या खुणा असतात, ज्यांच्याशिवाय नुसती व्यंजनं उरतात. माणसं पत्र लिहिताना त्या खुणा देत नाहीत. अम्मा अडखळत अक्षरं जोडायची, सुचेल तो स्वर लावायची. म्हातारी डोळे मिटून ऐकायची, आणि चुकीच्या आवाजामागचा खरा शब्द तिला सापडला की मांडीवर थाप मारून तो म्हणायची. अम्मा तो तसाच परत म्हणायची. अशी एकेक ओळ. एका पानाला दीड तास लागला. एकीकडे डोळे होते, दुसरीकडे कान, आणि दोघी मिळून एक वाचणारी झाली. म्हातारी मध्येच रडली, मध्येच हसली. शेवटी तिनं अम्माच्या कपाळाचा मुका घेतला.

ती गेल्यावर मी अम्माला सांगू लागले, की मिशारीला खोकला झाला होता आणि... अम्मानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"वाचनं माझां काम," ती म्हणाली. "समजनं तिचां. दुसऱ्याची चिठ्ठी आपन समजू नये."

ळ आणि ण आमच्या घरात कोणाच्याच तोंडी नव्हते. ते मला पुढे पुस्तकांनी दिले.

म्हातारी मग रोज येऊ लागली. नवं पत्र पंधरा-वीस दिवसांनी यायचं, पण जुनीच पत्रं पुन्हा वाचायची असत. वाचून झालं की चहा. दोघींना समान असे शब्द सापडत गेले. नवऱ्यांनी आणि नवऱ्याच्या बापांनी गलबतांतून आणलेले. हातातल्या बॅटरीला म्हातारी बिजली म्हणायची, बटाट्याला आलू, सरळला सीदा, रंगाला रंग. एखादा नवा शब्द सापडला की दोघी असं हसायच्या की अशरफ दचकून जागा व्हायचा. सगळे मिळून वीस-बावीस शब्द असतील. अम्माला ते पुरत होते. ती दुपारच्या आधी वेणी घालू लागली. अंगणातलं पाणी झाडूनं लोटून काढू लागली. एका सकाळी दुपटी सुकवताना ती लग्नातली हळदीची गाणी गुणगुणत होती. दादीचा आवाज घरातून निघून गेला.

अब्बांच्या ते लक्षात आलं. एका शुक्रवारी त्यांनी तिकिटाचा विषय काढला, तेव्हा अम्मा ताटं मांडत म्हणाली, की इतकी काय घाई आहे. अब्बा माझ्याकडे बघून हसले.

पत्रांत एक नाव यायचं, नादिया. मिशारी राहत होता त्या घरमालकिणीची मुलगी. तिनं आजारपणात सार करून दिलं, तिनं शर्टांना इस्त्री केली. हे नाव आलं की म्हातारी जिभेनं च्च करायची. तिच्या बहिणीची मुलगी मिशारीसाठी ठरल्यातच जमा होती, फक्त शब्द द्यायचा राहिला होता.

जानेवारीच्या अखेरीस पत्र आलं. त्या दिवशी अशरफला ताप होता म्हणून मी त्याला घेऊन अम्माच्या अगदी शेजारी बसले होते. अम्मा वाचत आली, आणि एका ओळीला तिनं म्हटलं, "तजव्वजत नादिया."

इथे थोडं थांबून सांगते. कागदावर जी अक्षरं होती ती दोन प्रकारे वाचता येतात. 'तजव्वजत नादिया' म्हणजे नादियाचं लग्न झालं. 'तजव्वज्त नादिया' म्हणजे मी नादियाशी लग्न केलं. अक्षरं तीच. मधे एक 'अ' आहे की नाही, एवढाच प्रश्न, आणि ती खूण पत्रात नसते. अम्मानं तो 'अ' घातला. का घातला, हे मला फार वर्षांनी उमगलं. लहान मुलींना आधी पाठ करायला देतात त्या कुराणातल्या छोट्या सुरांत, म्हणजे अध्यायांत, ओळीमागून ओळ 'अत'वर संपते; त्या तिच्या जिभेवर सात वर्षांची असल्यापासून बसल्या होत्या. तिची जीभ ओळखीच्या वाटेनं गेली.

एरवी म्हातारी प्रत्येक शब्द तपासायची. हा तिनं तपासला नाही. तिनं डोळे उघडले आणि मोठ्यानं सुस्कारा सोडला. अल्लाचे आभार मानले. नादियाचं लग्न झालं, पीडा गेली.

अम्मा पुढे वाचत होती. आई, रागावू नकोस. आम्ही एक खोली घेतली आहे. उन्हाळ्यात आम्ही येऊ.

आम्ही. मला ते कळलं. सात वर्षांच्या मुलीला लग्नाचं काय कळतं असं कोणी म्हणेल, पण बाहुल्यांची लग्नं लावण्यात माझा आणि नूरीचा तो हिवाळा गेला होता. 'तजव्वज्त' आणि 'तजव्वजत' आम्ही दिवसातून दहा वेळा म्हणत होतो. मी म्हातारीकडे पाहिलं. ती इतकी आनंदात होती की तिनं अम्माचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. अम्मालाही काय झालं ते ठाऊक नव्हतं, पण आपल्या वाचण्यानं काहीतरी छान झालंय हे तिला दिसत होतं, आणि तिचा चेहरा मी मुमताजखाला गेल्यापासून तसा पाहिला नव्हता.

मी बोलले नाही.

दोन दिवसांनी म्हातारीनं बहिणीला शब्द दिला. चार बायकांसमक्ष, हलवा वाटून. एक वाडगा आमच्याकडेही आला.

फेब्रुवारीच्या मध्याला तिचा पुतण्या नव्या वस्तीतून आला. ठरलेलं लग्न मिशारीला कळवणारं पत्र त्याला लिहायचं होतं. आधीचं पत्र बघू, तो म्हणाला असेल. भिंतीपलीकडून आधी त्याचा आवाज चढलेला ऐकू आला, मग म्हातारीचा, मग कोणाचाच नाही. संध्याकाळी दाराची कडी पलीकडून लागली. मातीची घरं, कडीचा आवाज आमच्या खोलीपर्यंत स्पष्ट आला.

दुसऱ्या दिवशी अम्मानं चहाचं आधण ठेवलं, ते आटलं. तिसऱ्या दिवशी तिनं ठोठावून पाहिलं. मला म्हणाली, जाऊन विचार, बरी आहे का ती. मी नूरीकडे गेले आणि परत येऊन सांगितलं, की कोणी दार उघडलं नाही. हे खोटं मी सहज बोलले. अम्मा आठवून आठवून बघत होती, की आपण काय बोललो, चहा गोड झाला नव्हता का, वुजू मोडलेलं असताना पत्राला हात लावला का. चौथ्या दिवशी मला शेगडीपाशी दादीचा आवाज ऐकू आला.

गुरुवारी अब्बांना दारातच तो पुतण्या भेटला. अब्बांना जेमतेम अरबी येत होती, पण कळायचं ते कळलं. आत येऊन ते खाली बसले आणि त्यांनी अम्माला सांगितलं. पोरानं तिकडे लग्न केलंय. पत्रात तसं लिहिलं होतं. तू उलटं वाचलंस. आणि वरून ते लोक म्हणतात, की बाईला सगळं समजत होतं; घरात एवढी वर्तमानपत्रं असलेल्या बाईला समजत नाही होय? म्हातारीला तोंडावर फसवलं आणि तिच्याबरोबर बसून हसली. बहिणीला दिलेला शब्द मोडला, आता बहीण तिचं तोंड बघत नाही.

अम्मानं सगळं ऐकून घेतलं. तिला हे समजायला हवं होतं, की तिचा दोष एका खुणेचा आहे, आणि ती खूण कागदावर नव्हतीच. ते समजावून सांगू शकणारी घरात मी एकटी होते.

"तिकीट काढा," अम्मा म्हणाली.

अब्बा काही बोलणार होते, पण तिनं ताट पुढे सारलं.

शुक्रवार कसा गेला मला आठवत नाही. शनिवारी सकाळी मी रोट्या आणायला निघाले आणि बेकरीकडे न वळता गल्लीला वळसा घालून उम्म मिशारीच्या मोठ्या दारापाशी गेले. त्या बाजूनं मी कधी गेले नव्हते. दार नुसतं लोटलेलं होतं. ती उन्हाच्या पट्ट्यात बसून तांदूळ निवडत होती. इतकी लहान दिसत होती.

तिनं मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच बोलले.

"अम्माला काही समजत नाही. ती फक्त अक्षरं वाचते. आमच्याकडे सगळ्या तशाच वाचतात. मला समजत होतं."

तिनं खडा बाजूला काढला. "काय समजत होतं तुला?"

"तजव्वज्त."

"मग बोलली का नाहीस?"

मी खरं सांगितलं. "तू परत आली नसतीस."

तिचा हात थांबला. मग ती बोलली, आणि ती माझ्याशी बोलत होती असं मला वाटलं नाही. "उन्हाळ्यात आम्ही येऊ, असं होतं त्यात. खोली घेतली असंही होतं. मी काही बहिरी नाही." मग तिनं ताटली उचलली. "जा, घरी जा. आई वाट बघत असेल."

त्या दुपारी अस्रनंतर कडी निघाली. ती वाकून आत आली तेव्हा अम्मा उभी राहिली आणि हात जोडावेत की पाय धरावेत हे न कळून तशीच थांबली. म्हातारी नेहमीच्या जागी बसली. तिनं पत्र आणलं नव्हतं. कोरा कागद आणि शाईची दौत आणली होती. तिनं अम्माला लिहायची खूण केली.

अम्मा मागे सरकली. मी चुकेन, तिला सांग, ती मला म्हणाली. मी सांगितलं. म्हातारी म्हणाली, चुकू दे. तो पोरगा शिकलेला आहे, वाचून घेईल.

अम्मानं वुजू केलं. तिच्या उर्दू शाळेत तीन इयत्ता झाल्या होत्या, लिपी जवळपास तीच. त्या वळणदार, संथ अक्षरात ती लिहू लागली. म्हातारी एकेक शब्द सांगायची, तोंडात गोळी घोळवावी तसा सावकाश, आणि अम्मा तो ऐकेल तसा उतरवायची. चार ओळी झाल्या. मग अम्मानं टाक खाली ठेवला आणि आजवर कधी केली नव्हती ती गोष्ट केली. माझ्याकडे वळून विचारलं, "काय लिवलां मी?"

मी म्हातारीकडे पाहिलं. तिनं मानेनं होकार दिला.

"तू आनि तुझी बायको दोघां या, असां लिवलांस," मी म्हटलं. "घर मोठां हाय, मी एकटी हाय, असां."

अम्मा त्या कागदाकडे बघत राहिली. शाई वाळेपर्यंत तो तिच्याच हातात होता.

बोट मार्चमध्ये गेली, त्यात आम्ही नव्हतो. मिशारी बायकोला घेऊन आला तो थेट नव्या वस्तीत. पुढच्या वर्षी उम्म मिशारीलाही जावं लागलं, तिचं घर पाडलं. अम्मानं तिथे आणखी तेरा हिवाळे काढले, त्यातले बरेचसे पुन्हा एकटीनं. मी शाळेत जाऊ लागले, मग इंग्रजी शाळेत, मग मुंबईला. घरी यायचे तेव्हा माझ्या बॅगेत पुस्तकं असायची, आणि अम्मा ती हातात घेऊन, पुसून, जमिनीपासून उंच ठेवायची.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं आहे. म्हातारी कागद घेऊन गेल्यावर अम्मा शेगडीवर दुपटं धरून उभी होती. पाठमोरीच तिनं मला विचारलं.

"ते लग्नाचां पत्र. तुना तवा कललां होतां?"

म्हातारीला सांगताना मला भीती वाटली नव्हती. अम्मासमोर वाटली. ती काय म्हणेल याची नाही. ती काहीच म्हणणार नाही, याची.

"नाय," मी म्हटलं.

तिनं दुपटं उलटं केलं. दुसरी बाजू शेकली.

"बरां झालां," ती म्हणाली. "नायतर तू एवढे दिवस एकटीच असतीस."